डावा हात

वाशी, सेक्टर सतरा. खाली चष्म्यांचं दुकान,
वर आमचं थिएटर. सकाळचे सव्वासात.
मृणाल कर्णिक, वय एकावन्न, नौपाडा, ठाणे.
रात्रीपासून घोटभर पाणीसुद्धा नाही.
दागिने काढलेले, नेलपॉलिश पुसलेलं,
कपाळावर टिकलीच्या जागी एक फिकट गोल.

खुणा उभ्यानेच करायच्या असतात.
माणूस आडवा झाला की चरबी बाजूला सरकते
आणि पोट खोटं बोलायला लागतं.
डॉक्टर गुडघ्यावर बसून हिरव्या मार्करने
वर्तुळात वर्तुळ काढत जातात,
नकाशात डोंगर दाखवतात तसं.
जिथे हात लावायचा नाही तिथे तिरप्या रेघा.
बाई आरशात बघत म्हणाल्या,
"हे माझं नाहीच हो. हे आमच्या आईचं पोट.
तिचं नऊवारीत झाकलं जायचं.
माझ्याकडे आलं तोवर नऊवारी गेली होती."
डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हात वर."

मग सुई, मग शंभरपासून उलटं मोजणं.
बहुतेक जण पंच्याण्णवला जातात.
त्या एक्क्याण्णवपर्यंत बोलत होत्या.

आधी काढायचं नसतं, आधी भरायचं असतं,
हे बाहेर कुणाला सांगून पटत नाही.
कोमट सलाईन, त्यात बधिर करायचं औषध, त्यात अ‍ॅड्रेनलिन,
बेंबीच्या घडीत तांदळाएवढी चीर
आणि लिटरवर लिटर आत.
पोट टणक होतं,
कातडी पांढरी पडते, भांडी घासून उठलेल्या बोटांसारखी.
मग वीस मिनिटं कुणी काही करत नाही.
फर्नांडिस मॅडम मॉनिटरकडे बघतात, मी घड्याळाकडे.

माझे वडील मिठागरावर असेच थांबायचे.
खाडी आत घ्यायची, बांध घालायचा, बसायचं.
घाई केलीस तर मीठ नाही, चिखल येईल हातात.
आता तिथे पार्किंग आहे, तीन मजली.

कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची पोकळ नळी,
बाजूला भोकं.
उजवा हात ती पुढेमागे करतो,
रंधा मारावा तसा, चांगला घाम येईपर्यंत.
लोकांना वाटतं नाजूक काम असेल.
पण बघतो तो डावा हात.
पोटावर पालथा ठेवलेला,
टोक आत कुठे फिरतंय ते तोच सांगतो.
फार वर आलं तर खड्डा पडेल,
फार खोल गेलं तर बातमी होईल.
शिकायला आलेली मुलं उजव्या हाताकडेच बघत बसतात.

नळीतून आधी पिवळं येतं,
विस्तव बंद करायच्या आधीच्या तुपासारखं.
मग नारिंगी.
लाल व्हायला लागलं की मी म्हणते, "सर."
ते थांबतात. चिमटीत कातडी धरून
या बाजूची, त्या बाजूची जाडी बघतात.
थोडं राहू देतात.
सगळं काढायचं नसतं.

तीन हजार एकशे.
बरणी हलवली नाही की दोन थर होतात,
खाली गुलाबी पाणी, वर चरबी.
फळ्यावर दोन्ही आकडे लिहायचे.

एकेक टाका. एक भोक मुद्दाम उघडं, पाणी झिरपायला.
मग तिघींनी मिळून तो घट्ट पट्टा चढवायचा,
हुकांच्या दोन रांगा, सहा आठवडे.
आमच्या दिवसातलं सगळ्यात जड काम हेच.

दुपारी त्या नीट जाग्या झाल्या. ओठ कोरडे.
किती निघालं, विचारतील वाटलं. सगळे तेच विचारतात.
"टाकलंत का?"
"नाही अजून."
"बघू?"
नियमात बसत नाही. मी हिरव्या कापडाखाली बरणी आणली.
त्यांनी बोट लावलं, बराच वेळ लावून ठेवलं.
"गरम आहे," म्हणाल्या.
नव्हती. चार तास झाले होते.
मी "हो" म्हटलं.

नंतर पिवळी पिशवी, गाठ, बारकोड.
तळोज्याची गाडी साडेचारला येते.
त्या फॉर्मवर वजनाचा रकाना आहे,
नावाचा नाही.
मी वजन लिहिलं. पेन जरा वेळ तसंच धरून उभी राहिले,
गाडीवाल्याने हॉर्न दिला.